शाळा उघडताना घेतलेलं सामान: काय कामी आलं, काय अडगळीत गेलं

कोरोनामुळे बंद असलेले मुंबईतल्या शाळांचे आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले. पहिली ते सातवीची मुलं १५ डिसेंबरला आली. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा कुलूप लागलं, ते २४ जानेवारी २०२२ ला निघालं आणि २ मार्चपासून पूर्ण हजेरी सुरू झाली. या धावपळीत घेतलेल्या सामानाची यादी बहुतेक शाळांत सारखीच होती: थर्मल गन, ऑक्सिमीटर, पायाने दाबायचं सॅनिटायझर स्टँड, फवारणीचं कंत्राट, जमिनीवर चिकटवायचे गोल स्टिकर. यादी फाटकापासून सुरू व्हायची आणि जिन्यापाशी संपायची. मूल ज्या खोलीत पाच तास बसतं, त्या खोलीच्या हवेसाठी तिच्यात एक ओळही नसायची.

कोरोनाचा विषाणू मुख्यतः श्वासातून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांवाटे हवेतून पसरतो. म्हणून इथे प्रत्येक वस्तू एकाच प्रश्नावर तपासली आहे: हिच्यामुळे एकाच्या नाकातोंडातून निघालेली हवा दुसऱ्याच्या नाकात जाणं किती कमी होतं? शाळेची खरेदी वर्गणीतून आणि देणगीतून होते. हा पैसा एकदाच जमतो, आणि चुकीच्या वस्तूत गेला की योग्य वस्तूसाठी पुन्हा हात पसरावा लागतो. पुन्हा अशी वेळ आली तर ते होऊ नये म्हणून हे सगळं इतक्या बारकाईने लिहिलं आहे.

थर्मल गनपासून सुरुवात करू. ती हजाराच्या आतबाहेर मिळते, बारीक पेन्सिल सेलवर चालते आणि कपाळाच्या त्वचेतून निघणाऱ्या उष्णतेवरून तापमान सांगते. मुंबईच्या हवेत ती दोन्ही बाजूंनी फसते. घामाने ओलं कपाळ थंड असतं, तिथे आकडा कमी येतो आणि खरा ताप निसटतो. दुपारच्या सत्राला उन्हातून चालत आलेल्या मुलाचं कपाळ तापलेलं असतं, तिथे आकडा चढतो आणि धडधाकट मूल बाजूला उभं केलं जातं. नीट मोजायचं तर मुलाला आधी पाचेक मिनिटं सावलीत थांबवावं, कपाळ कोरड्या रुमालाने टिपावं आणि दोन भुवयांच्या मधोमध ३ ते ५ सेंटिमीटरवरून गन धरावी. एसीच्या ऑफिसातून आणलेली गन लगेच फाटकावर वापरली तर पहिली पंधरा-वीस मिनिटं तिचे आकडे भरवशाचे नसतात, कारण सेन्सर स्वतःच अजून थंड असतो. सगळ्याच मुलांचं तापमान ३३-३४ दिसायला लागलं तर बहुधा कुणाच्या तरी बोटाने मोड बदलला आहे. गनला ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ असे दोन मोड असतात आणि ते बटण पकडीच्या अगदी जवळ असतं.

आता वेळेचा हिशेब. ३०० मुलं, प्रत्येकी ५ सेकंद, एक गन: २५ मिनिटं. एवढा वेळ मुलं फाटकात एकमेकांना खेटून उभी राहतात. शिवाय लागण झालेलं मूल ताप येण्याच्या आधीच विषाणू पसरवू लागतं आणि कित्येक मुलांना ताप येतच नाही. त्यामुळे फाटकावरची तपासणी काढून टाकावी आणि एक गन आजारी मुलांच्या खोलीत ठेवावी. ताप घरीच बघून पाठवा, असं पालकांना वर्षाच्या सुरुवातीला स्पष्ट लिहून द्यावं. त्याच पत्रात शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद केल्याचंही लिहावं. त्या बक्षिसासाठी मुलं तापाची गोळी घेऊन वर्गात येऊन बसतात, आणि ती गोळी उतरेपर्यंत कुठल्याही गनला ताप सापडत नाही.

फवारणीच्या सेवेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: घेऊ नये. चौरस फुटाच्या दराने पैसे घेऊन पांढरे पोशाख घातलेली माणसं धुराचं यंत्र फिरवतात आणि जाताना फाटकावर ‘निर्जंतुक’ असा स्टिकर लावतात. रात्री फवारलेल्या वर्गात सकाळी सव्वासातला लागण झालेलं एक मूल येऊन बसलं की त्या फवारणीचा परिणाम शून्य. धुके बाकाच्या खालच्या बाजूला, कडांना नीट पोचत नाही. धूळ आधी पुसलेली नसेल तर औषध धुळीवरच बसतं. दमा असलेल्या मुलांना त्या वासाचा त्रास होतो तो वेगळाच. माणसांवर फवारणी करणाऱ्या बोगद्यांच्या बाबतीत तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच ‘करू नका’ असं सांगितलं होतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दर दहा हजार स्पर्शांमागे एकापेक्षाही कमी असल्याचं लिहिलं. साफसफाई हवीच, पण ती मावशींच्या हातातल्या फडक्याने: दिवसातून एकदा बाक, दाराच्या कड्या, जिन्याचे कठडे, नळ.

त्यासाठी १ टक्का हायपोक्लोराइट पुरतं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांत ५ टक्क्यांचं द्रावण मिळतं, त्याच्या एका भागात चार भाग पाणी घालायचं. ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर लिटरला ३० ग्रॅम, पण पोतं नवीन हवं. पावसाळ्यात उघड्या पोत्यातला क्लोरिन उडून जातो आणि मागे चुन्यासारखी भुकटी उरते. द्रावण रोज ताजं करावं आणि पुसल्यावर १० मिनिटं ओलं राहू द्यावं. नंतर लोखंडी कड्या साध्या पाण्याने पुसाव्यात, नाहीतर महिन्याभरात गंज धरतो. संडास धुवायच्या ॲसिडच्या बादलीत हे कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये काम करणाऱ्या मावशींच्या तो थेट छातीत जातो. प्रत्येक मावशीला ही गोष्ट तोंडी, समोर उभं राहून सांगावी. डब्यावरची चिठ्ठी पुरत नाही.

सॅनिटायझरचं पायाने दाबायचं स्टँड दिसायला सोयीचं असतं. दोन महिन्यांत त्याचा दांडा सैल होतो आणि पंपाच्या डोक्यावर तिरका दाब देऊ लागतो. जेल तोटीच्या टोकाला सुकतं, भोक अर्धवट बुजतं आणि पुढच्या दाबाला धार समोर, तिरकी उडते. पहिली-दुसरीच्या मुलाचे डोळे नेमके त्या तोटीच्या उंचीवर असतात. अल्कोहोल डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते. म्हणून प्राथमिकच्या मजल्यावर हे स्टँड नकोच, तिथे साबण आणि पाणी. खर्चही बघा: एका वेळेला ३ मिलिलिटर, दिवसातून दोनदा, ३०० मुलं म्हणजे रोज १.८ लिटर. ५ लिटरचा कॅन तिसऱ्या दिवशी संपतो. तेवढ्या पैशांत व्हरांड्यात सहा नळांची एक रांग दोन-तीन महिन्यांत वसूल होते. ३० मुलांचा वर्ग सहा नळांवर पाच फेऱ्यांत, पाच-सहा मिनिटांत हात धुऊन होतो. साबणाच्या वड्या भिजून विरघळतात आणि चोरीलाही जातात, म्हणून जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधाव्यात.

मास्कच्या बाबतीत दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात: मधला थर मेल्टब्लोनचा (अतिबारीक तंतूंच्या, न विणलेल्या कापडाचा) आहे का, आणि लहान मापाचा आहे का. तीन थरांच्या सर्जिकल मास्कसाठी भारतीय मानक आयएस १६२८९ आहे आणि एन९५ प्रकारासाठी आयएस ९४७३. पाकिटावर यापैकी काहीच नसेल तर तो मास्क शाळेसाठी घेऊ नये. एक मास्क कात्रीने कापून बघावा. तीन थर सुटे व्हायला हवेत, मधला पांढरा, मऊ आणि हाताने ओढला तर सहज फाटणारा. तो थर स्थिर विद्युतभाराने कण पकडतो आणि साबणाने धुतला की तो भार जातो, म्हणून ‘धुऊन वापरा’ हे या मास्कला लागू नाही. आपल्याकडच्या दमट हवेत मास्क दोन-अडीच तासांत ओला होतो, आणि ओल्या मास्कमधून श्वास जड झाला की मूल तो नाकाखाली ओढतं. ओरडून उपयोग नाही. दप्तरात दोन कोरडे मास्क असतील तरच तो नाकावर राहतो. मोठ्यांचा मास्क मुलाला घातला की गालाजवळ फट राहते. कानाच्या दोरीला एकेक गाठ मारून कडा आत दुमडली तर फट बरीच कमी होते. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावू नये, हे केंद्राच्या सूचनांतही होतं.

आता ज्या वस्तूसाठी हा सगळा लेख आहे ती: कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर. मुंबईतल्या शाळांच्या यादीत तो क्वचितच दिसला, आणि सगळ्यात जास्त काम तोच करू शकला असता.

तत्त्व सोपं आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, उच्छ्वासात सुमारे ४०,०००. वर्गातला आकडा जितका वर, तितकी त्या हवेत इतरांनी सोडलेली हवा जास्त. ८०० च्या आत असेल तर वर्ग चांगला, १,००० च्या पुढे गेला की काहीतरी उघडायला हवं, १,५०० च्या पुढे असेल तर त्या वर्गात मुलांना तसंच बसवू नये. २० फूट बाय २५ फूट, १० फूट उंचीचा वर्ग घ्या, म्हणजे साधारण १४० घनमीटर. एसी लावून दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या आणि ४० मुलं बसवली तर नऊ-दहा मिनिटांत आकडा १,००० ओलांडतो आणि अर्ध्या तासात २,००० च्या वर जातो. अजून पहिला तासही संपलेला नसतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच हवा थंड करून परत फिरवतो, ही गोष्ट एसीच्या वर्गांची जादा फी घेणाऱ्या शाळांनी आणि ती भरणाऱ्या पालकांनी दोघांनी लक्षात घ्यावी. छताचा पंखाही नवी हवा आणत नाही. खिडक्या उघड्या असतील तर तो हवा मिसळायला मदत करतो, बंद असतील तर एकाचा श्वास सगळ्यांना वाटतो.

मीटर घेताना एकच शब्द बघायचा: एनडीआयआर. हा सेन्सर अवरक्त प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड खरोखर मोजतो. बाजारात याच्यासारखीच दिसणारी, याच्या चौथाई किमतीची उपकरणं येतात. एकाच पडद्यावर तापमान, आर्द्रता, फॉर्माल्डिहाइड, टीव्हीओसी (हवेतल्या रसायनांच्या वाफा) आणि कार्बन डायऑक्साइड असे पाच आकडे. त्यांतली बरीचशी कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, हवेतल्या इतर वायूंवरून अंदाज सांगतात. दुकानातच ओळखायचं असेल तर हाताला सॅनिटायझर चोळा आणि तळवा मीटरपासून वीतभर अंतरावर धरा, श्वास मात्र दुसऱ्या बाजूला सोडा. आकडा ५०० वरून एकदम दोन-तीन हजारांवर उडाला तर ते उपकरण अल्कोहोलची वाफ मोजतंय, परत करा. खऱ्या मीटरवर फारसा फरक पडत नाही. मग दुकानाबाहेर येऊन दहा मिनिटं थांबा. मोकळ्या हवेत आकडा ४०० ते ४५० च्या आसपास यायला हवा, रहदारीच्या रस्त्याला थोडा वर. शेवटी त्याच्यावर एकदा फुंकर मारा. तो झपकन चढून काही मिनिटांत सावकाश उतरायला हवा.

तयार मीटरमध्ये अरानेट ४ हे नाव जगभर वापरलं जातं. दोन पेन्सिल सेलवर महिनोन्महिने चालतो आणि आकडे मोबाइलवर साठवतो, पण आपल्या शाळांच्या खिशाला तो महाग आहे. एका शाळेला एक मीटर पुरतो, वर्गावर्गांतून फिरवायचा. ज्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्राच्या योजनेतली प्रयोगशाळा) आहे तिथे आठवी-नववीची मुलं तो स्वतः बनवू शकतात. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एमएच-झेड१९ किंवा सेन्सएअर एस८ हे एनडीआयआर मोड्यूल मागावं, एखादा आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि छोटा पडदा जोडावा. सुरू केल्यावर ३ मिनिटं गरम होऊ द्यावं, त्याआधीचा आकडा धरू नये. यात चूक होते ती आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशनमुळे. हा सेन्सर ठरावीक काळात, काहींत २४ तासांत तर काहींत आठवडाभरात, दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा असं धरून चालतो. कोंदट खोलीतच पडून राहिला तर तो ६०० ला ४०० समजू लागतो आणि मग सगळे वर्ग उगाच चांगले दिसतात. म्हणून तेवढ्या काळात एकदा तरी तो गच्चीवर अर्धा तास ठेवावा. उन्हात नाही, सावलीत.

वर्गात मीटर बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर हवा, कुणाच्याही तोंडापासून हातभर तरी लांब, खिडकीच्या कट्ट्यावर नको आणि पंख्याच्या थेट खालीही नको. मागच्या भिंतीजवळचं कपाट ही चांगली जागा. अलार्म बंद करावा, त्याने तासात व्यत्यय येतो आणि दोन दिवसांत कुणीतरी मीटरच बंद करून ठेवतं. दर तासाच्या शेवटी वर्गप्रमुखाने आकडा फळ्याच्या कोपऱ्यात तारखेखाली लिहावा. एवढ्याने खिडक्या उघडू लागतात.

मधल्या सुट्टीत या मीटरने वर्गाची हवा तासाला किती वेळा बदलते हेही काढता येतं, आणि त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. समजा बाहेर ४२० आहे आणि घंटा झाली तेव्हा वर्गात १,६२० होता. जादा झाला १,२००. मुलं बाहेर गेली, खिडक्या-दारं शिकवताना असतात तशीच ठेवली. आता जादा आकडा ३७ टक्क्यांवर, म्हणजे ४४४ वर, म्हणजे मीटरवर ८६४ वर यायला किती मिनिटं लागली ते घड्याळात बघा. ६० ला त्या मिनिटांनी भागा. १२ मिनिटं लागली तर हवा ताशी ५ वेळा बदलते, ३० लागली तर फक्त २ वेळा. या वेळात वर्गात कुणी डबा खात बसलं असेल तर उत्तर चुकतं.

किती वेळा बदलायला हवी? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा असा आकडा दिला. ४० मुलं आणि एक शिक्षक म्हणजे सेकंदाला ४१० लिटर, ताशी जवळपास १,५०० घनमीटर. आपल्या १४० घनमीटरच्या वर्गात हे ताशी साडेदहा वेळा होतं. निम्मी मुलं बसवली की तोच वर्ग ताशी साडेपाच वेळांत भागतो. शासनाच्या सूचनेप्रमाणे वर्गात १५-२० मुलं बसत होती तेव्हा सगळ्यांचं लक्ष दोन बाकांमधल्या सहा फुटांवर होतं, पण खरा फायदा हा होता की प्रत्येकाच्या वाट्याची हवा दुप्पट झाली होती. पुन्हा वेळ आली तर आळीपाळीने वर्ग भरवण्याला इतर कुठल्याही खरेदीच्या आधी जागा द्यावी. त्याला फक्त वेळापत्रक लागतं.

खिडक्यांचं काम दुसरं. गिरगाव, दादर, परळकडच्या जुन्या इमारतींतल्या वर्गांना बहुधा समोरासमोर खिडक्या, उंच छत आणि वर झरोके असतात. हे वर्ग उत्तम आहेत, फक्त खिडक्या उघडत नाहीत. वर्षानुवर्षं ऑइलपेंटचे थर देऊन चौकटी चिकटलेल्या असतात, खारट हवेने बिजागऱ्या गंजलेल्या असतात, झरोक्याची दोरी तुटलेली असते. सुतार आणि मदतनीस मिळून दिवसाला पाच-सहा वर्ग मोकळे करतात: पात्याने रंगाची कड कापायची, बिजागरीला गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी हळूहळू हलवायचं, तुटलेल्या आकड्या बदलायच्या. आकडी महत्त्वाची, कारण वाऱ्याने खिडकी आपटते म्हणूनच शिक्षक ती लावून घेतात. डासांच्या जाळ्या काढून ब्रशने धुवाव्यात. धुळीने भरलेल्या जाळीतून हवा नीट येतच नाही. सरकत्या काचेच्या खिडक्या अर्ध्याच उघडतात हे मोजमापात धरावं. पावसाळ्यासाठी खिडकीवर दोन फूट पुढे येणारा पत्रा लावला तर तिरक्या सरीतही निम्मी खिडकी उघडी ठेवता येते.

जिथे खिडक्या एकाच बाजूला आहेत किंवा रस्त्याच्या आवाजाने उघडणं अशक्य आहे तिथे एक्झॉस्ट फॅन. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत १२ इंची, जड बांधणीचा फॅन दोन-तीन हजारांत मिळतो. तो ९०० आरपीएमचा घ्यावा, १४०० चा नको. १४०० चा फॅन जास्त हवा ओढतो, पण मास्क लावून शिकवणाऱ्या बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचू देत नाही, आणि मग तो तासाला बंदच असतो. डब्यावर लिहिलेली हवेची क्षमता मोकळ्यावर मोजलेली असते. पावसाची झडप, जाळी आणि समोरचा वारा मिळून प्रत्यक्षात निम्मी-पाऊण मिळते. त्यामुळे ४० मुलांच्या वर्गाला असे दोन फॅन लागतात, २० मुलांना एक चालतो.

बसवण्यात तीन चुका वारंवार होतात. फॅन खिडकीत बसवतात आणि त्याच्या शेजारचंच तावदान उघडं ठेवतात. फॅनने बाहेर टाकलेली हवा तिथूनच परत आत येते आणि वर्गातली हवा जागची हलत नाही. फॅनजवळचं सगळं बंद आणि त्याच्या सर्वांत लांबचं उघडं, असं हवं. दुसरी चूक म्हणजे फॅन दाराच्या बाजूला लावून वर्गातली हवा व्हरांड्यात सोडणं, म्हणजे ती शेजारच्या वर्गात जाते. तिसरी दिशेची. दुपारी समुद्राकडून, पश्चिमेकडून वारा येतो. त्या भिंतीत फॅन लावला तर तो वाऱ्याशी झगडत बसतो. शक्य असेल तिथे पूर्वेच्या भिंतीत लावावा, म्हणजे वाराच त्याला मदत करतो. बसवल्यावर दार इंचभर उघडून फटीत उदबत्ती धरावी. धूर वर्गात ओढला गेला तर फॅन काम करतोय. हिवाळ्यात सकाळच्या सत्राला वारा पडलेला असतो, म्हणून मीटरची खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला घ्यावी, दुपारी तीनला नाही.

एअर प्युरिफायर या दोन्हींनंतर. हेपा गाळणीचा असेल तर उपयोगी आहे, विषाणू असलेले कण आणि हिवाळ्यातली धूळ दोन्ही धरतो. पण त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही, त्यामुळे मीटरवर त्याचा फायदा दिसणार नाही. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा, म्हणजे तो ताशी किती घनमीटर गाळलेली हवा देतो, ते बघा. ३०० घनमीटर असेल तर आपल्या वर्गात तो ताशी दोनच वेळा हवा गाळतो, तेही सर्वांत वरच्या वेगावर. शिकवताना तो वेग आवाजामुळे कुणी ठेवत नाही. म्हणजे एका वर्गाला दोन लागतात, आणि दरवर्षी गाळण्या. आयोनायझर किंवा ओझोन सोडणारं काही असेल तर घेऊच नये, ओझोन मुलांच्या फुप्फुसांना वाईट. उघड्या अतिनील दिव्यांनाही नाही म्हणावं, डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात.

डबा खाण्याची वेळ कुठल्याच खरेदीने सुरक्षित होत नाही, आणि दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ तीच. सगळ्यांचे मास्क एकदम उतरतात आणि सगळी बोलत असतात. व्हरांडा, मैदान, गच्चीवरची छपराखालची जागा, जे असेल तिथे वर्ग आळीपाळीने पाठवावेत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आणि वीस मिनिटांत खाणं संपवून. बाहेर जागाच नसेल तर निम्म्या वर्गाने आधी, निम्म्याने नंतर, आणि फॅन चालू.

आजारी खोलीत घरी करायच्या अँटिजेन चाचणीची चार-पाच किट असावीत. पुण्याच्या मायलॅबच्या कोव्हिसेल्फला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मे २०२१ मध्ये मान्यता दिली, त्यानंतर इतरही आली. चाचणी पालकांच्या संमतीनेच करावी. निकाल १५ मिनिटांनी बघायचा, २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. दोन रेघा म्हणजे लागण आहे. एकच रेघ आली पण ताप-खोकला आहे, तर मूल घरी जातं आणि आरटीपीसीआर करून घेतं. किट ३० अंशांच्या आत ठेवायचं असतं, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतल्या कपाटात ते खराब होतं. खोली अशी निवडावी की खिडकी बाहेर उघडते आणि दार वर्गांच्या व्हरांड्यात उघडत नाही.

पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवावा: आधी सुतार, मग एक मीटर, मग त्याच्या आकड्यांवरून जे तीन-चार वर्ग वाईट निघतील तिथे फॅन, मग मुलांच्या मापाचे मास्क, मग नळ. प्युरिफायर शेवटी, आणि फक्त अशा खोलीला की जिथे खिडकीच नाही. संगणक कक्षाला बहुधा नसते.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की मीटर आणि गनमधले सेल काढून ठेवावेत, नाहीतर जूनपर्यंत ते पाझरून आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी मीटर गच्चीवर अर्धा तास ठेवून ४२० च्या आसपास येतोय का बघावं, फॅनची पाती आणि झडप धुऊन घ्यावीत, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून घासाव्यात, आणि प्रत्येक मजल्यावरचा प्रत्येक नळ पाच मिनिटं सोडून ठेवावा. दोन महिने साचलेलं पाणी पाइपात तसंच असतं, वरच्या मजल्यावरचं सगळ्यात जास्त.